सीताफळाच्या बियांची पूड

लग्न होऊन चौथा दिवस होता. अंगणातल्या रांजणामागं पडलेला तांब्या घ्यायला हात घातला आणि गांधीलमाशीनं मनगटाला डंख मारला. मी बीडमध्ये वाढलेली, वडील कचेरीत कारकून, त्यामुळं गांधीलमाशी मला फक्त दुरून ठाऊक. नव्या सुनेनं ओरडायचं कसं, म्हणून ओठ दाबून उभी राहिले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांनी माझा चेहरा पाहिला, काही न विचारता बुक्कीनं कांदा फोडला आणि अर्धी फोड माझ्या मनगटावर दाबली.

"धर घट्ट. घटकाभरानं उतरंल," म्हणाल्या आणि परत भाकरी थापायला बसल्या. घटकाभरानं ठणका खरंच उतरला.

प्रत्येक चावऱ्या जिवावर आत्याबाईंकडं काहीतरी असायचंच. मधमाशी चावली तर काटा नखानं खरवडून काढून वर खायचा चुना. लाल मुंग्यांच्या वाटेवर हळद. अंगणात पिसवा झाल्या की कडुलिंबाचा पाला उकळून ते पाणी शिंपडायचं. वाळवीसाठी रुईचा पाला कुजवून ठेवलेला असायचा, त्याच्या वासानं माणूससुद्धा पळायचं. विंचवाचं मात्र त्या घेत नसत. त्यांच्या आजेसासऱ्यांना म्हणे विंचवाचा मंत्र यायचा, लांबून माणसं यायची. "धम्म घेतला तवाच त्यांनी ते मंत्र-बिंत्र सोडलं," त्या सांगायच्या. "इचू चावला तर माझ्याकडं येऊ नको. पयला दवाखाना." इतकं सरळ बोलणाऱ्या बाईवर माझा विश्वास बसला तर नवल काय?

आणि एक होतं सीताफळाचं. आमच्या डोंगरात सीताफळं अमाप. दिवाळीच्या सुमाराला घरात पाट्याच्या पाट्या यायच्या, आणि खाऊन टाकलेल्या बिया आत्याबाई धुऊन, वाळवून पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायच्या. त्या बियांची पूड करंजीच्या तेलात कालवून म्हशीच्या कानाच्या बुडाला आणि मांड्यांच्या बेचक्यात चोळली की गोचीड गळून पडायचे. पूड करायला त्या उखळ घेऊन अंगणाच्या पार कडेला, वाऱ्याकडं पाठ करून बसायच्या आणि जुन्या धोतराचं विरळ फडकं डोळ्यांसकट अख्ख्या तोंडावर ओढून घ्यायच्या. मला वाटायचं, धुळीसाठी.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. सलग दुसरं. माघातच विहिरीचा तळ दिसायला लागला. माझे मिस्टर साखर कारखान्याच्या पट्ट्यात ट्रॅक्टरवर गेलेले. घरात आम्ही तिघी: आत्याबाई, मी आणि माझी नणंद. नणंद बारावीला होती. गावच्या दूध संस्थेनं शिवाराच्या कडेला चारा छावणी उघडली आणि आमची म्हैस तिकडं गेली. जनावरामागं घरचं एक माणूस तिथं असावं लागायचं, म्हणून आत्याबाई छावणीतच राहायला गेल्या. सकाळी मी डोक्यावर भाकरी घेऊन जायची, त्यांचं धुणं-बिणं घेऊन परत यायची. धुणं म्हणजे काय, नुसतं झटकणं. टँकर चौथ्या दिवशी यायचा.

छावणीत जनावरं दाव्याला दावं लावून बांधलेली. एकाचे गोचीड दुसऱ्यावर चढायला वेळ लागेना. आत्याबाईंनी आमच्या म्हशीला पूड चोळली, दोन दिवसांत म्हैस मोकळी झाली आणि शेजारपाजारच्या बाया मागायला लागल्या.

"घरी डब्यात बिया हायेत तेवढ्या दळून आण," आत्याबाई मला म्हणाल्या.

उखळ कोण घेऊन बसतंय? दुपारी लाइट आली तशी मी बिया मिक्सरला लावल्या, झाकण घट्ट बसवलं आणि बारीक पूड करून वर्तमानपत्राच्या कागदात बांधली. सात पुड्या छावणीत वाटल्या. कौतुक झालं. संस्थेचे सचिव म्हणाले, "वैनी, तुमच्या सासूबाईंना आपण संस्थेच्या डॉक्टरचा पगार द्यायला पायजे!" बाया हसल्या. एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "उवांना चालतंय का गं हे? पोरीच्या डोक्यात लई झाल्यात. नहायला पाणी कुठं हाय?"

मी म्हणाले, "चालत असंल की. गोचीड मरतो तर ऊ काय चीज हाय?"

हे वाक्य माझं. आत्याबाईंचं नव्हे. त्या तेव्हा पलीकडं वैरण घालत होत्या. त्यांनी ते ऐकलंही नव्हतं.

घरी नणंदेचीही तीच गत होती. पुस्तक मांडीवर आणि दोन्ही हात डोक्यात. परीक्षेला बारा दिवस उरलेले. केस कापून टाकायला ती तयार नव्हती, आणि मलाही तिचे केस फार आवडायचे, कमरेपर्यंत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला पुढ्यात बसवलं. उरलेली पूड खोबरेल तेलात कालवली, भांग पाडून पाडून मुळाशी चोळली आणि वरून फडकं गुंडाळलं.

"वैनी, थंड वाटतंय," ती म्हणाली.

"तासभर बस अशीच. मग विंचरून काढू."

ती पडवीत वाचत बसली. फाल्गुनाचं ऊन, वारा नाही. मी आत डाळ निवडत होते. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "डोळे चुरचुरायलेत." मी म्हणाले, "वाचून वाचून होत असंल, मिटून बस जरा." कपाळावर ओघळलेलं तेल तिनं ओढणीनं पुसलं असणार, आणि त्याच ओढणीनं डोळे. पाचच मिनिटांनी जी किंकाळी आली ती ऐकून सूप माझ्या हातातून पडलं.

बाहेर आले तर ती जमिनीवर बसून दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबत होती. "आग! वैनी, आग! पाणी टाका!" मी हात बाजूला ओढले. पापण्या टरटरून सुजलेल्या, आतला पांढरा भाग लालभडक, आणि पाण्याची धार लागलेली. मी आत धावले.

घरात दीड घागर पाणी होतं. टँकर उद्या. मी काय केलं सांगू? मी पेला घेतला. घागरीत बुडवला, बाहेर आणला, तिच्या एका डोळ्यावर अर्धा आणि दुसऱ्यावर अर्धा ओतला. परत आत गेले. परत एक पेला. ती ओरडत होती आणि मी पेल्यापेल्यानं पाणी आणत होते. सहा महिन्यांत हाताला सवयच तशी लागली होती. सहावा की सातवा पेला भरताना घागर किती खाली गेली ते मी वाकून पाहिलं, हेसुद्धा मला लख्ख आठवतं. समोर पोरीचे डोळे जळत होते आणि मी घागरीचा तळ बघत होते.

रस्त्यापलीकडं किराणा दुकान होतं. दुकानवाल्या काकू, कपाळावर विभूतीची आडवी बोटं, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या घरात मी तोवर कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्याही आमच्यात कधी आल्या नव्हत्या. ओरडा ऐकून त्या दारात आल्या, माझ्या हातातला पेला पाहिला आणि आल्या पावली मागं फिरल्या. मला वाटलं, गेल्या. त्या काखेत भरलेली घागर घेऊन आल्या.

"मान धर तिची. आडवी कर. अगं धर ना!"

आणि त्यांनी अख्खी घागर तिच्या चेहऱ्यावर, डोळ्यांवर, एका लयीत, न थांबता ओतली. मग आमची दीड घागर. अंगणात चिखल झाला. कित्येक महिन्यांत आमच्या अंगणात चिखल झाला नव्हता. डोक्याचं फडकं त्यांनीच ओढून काढलं, पूड पाहिली आणि माझ्याकडं बघितलं. रस्त्यावर जाऊन दूध संस्थेचा टेम्पो दोन्ही हात आडवे करून अडवला.

टेम्पोत रिकामे कॅन खडखडत होते. मी नणंदेचं डोकं मांडीवर घेतलं, डोळ्यांवर ओली ओढणी ठेवली. ती आता ओरडत नव्हती, कण्हत होती. मध्येच तिनं विचारलं, "वैनी, मला ओढणीतून उजेड दिसायला पायजे ना?" मी ओढणी उचलून बघ म्हणाले. तिनं पापणी उघडायचा प्रयत्न केला, उघडली नाही. ड्रायव्हर आरशातून बघत होता. त्यानं वेग वाढवला आणि टेम्पो थेट अंबाजोगाईलाच थांबवला.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी थेंब टाकले, पापण्या उलटून बघितल्या.

"डोक्याला काय लावलं होतं?"

"तेल," मी म्हणाले.

"नुसतं तेल?"

"खोबरेल तेल."

असं मी बोलले. माझी जीभ बोलली आणि मी ऐकत राहिले. डॉक्टरीणबाईंनी नणंदेच्या केसांत बोटं घातली, मुळापासून एक तपकिरी कण चिमटीत धरला, नाकाजवळ नेला.

"सीताफळाच्या बिया. हो ना?"

मी मान हलवली.

"यंदाची ही पहिली नाही," त्या म्हणाल्या. रागानं नाही, थकलेल्या आवाजात. मग सलाइनच्या बाटल्या एकामागून एक डोळ्यांतून सोडल्या. त्या बाटल्यांची धार अखंड वाहत होती, खालच्या ट्रेमध्ये साठत होती, सिस्टर ट्रे ओतून परत लावत होती. बुबुळावरचं पातळ कातडं दोन्ही डोळ्यांत सोललं गेलंय, असं त्यांनी सांगितलं. नजरेचं विचारलं तर म्हणाल्या, आत्ता सांगता येणार नाही. पट्ट्या बांधल्या. हात धुता धुता त्यांनी मागं न वळता विचारलं, "ही पूड अजून कुणाला दिलीय का?"

सात पुड्या. आणि 'चालत असंल की' हे माझं उत्तर.

मी व्हरांड्यात येऊन सचिवांना फोन लावला. धड सांगता येईना. ते म्हणाले, "वैनी, मला निम्मं कळंना. थांबा, चाऱ्याची पाळी पुकारायला भोंगा लावलेला हाय, मी फोनच माइकला धरतो. तुमीच सांगा. बोला."

आणि मी बोलले. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून, एका कानात बोट घालून, ओरडून बोलले. "बायांनो, मी दिलेली सीताफळाची पूड डोक्याला लावू नका! कुणी लावली असंल तर आत्ता धुवा, घागरीनं पाणी ओता, पाण्याचं बघू नका! लेकरांच्या डोक्याला लावू नका! माझ्या नणंदेचे डोळे गेले, दोन्ही डोळे गेले!"

व्हरांड्यातली माणसं माझ्याकडं बघत होती. फोनमधून माझाच आवाज, भोंग्यातून फिरून, थोडा उशिरानं परत येत होता. "...दोन्ही डोळे गेले." मग खरखर झाली आणि सचिवांचा आवाज आला. हळू, माइकपासून लांब गेल्यासारखा.

"वैनी... तुमच्या सासूबाई हितंच उभ्या हायेत."

आत्याबाई छावणीत आहेत, हे मी विसरले होते. रोज सकाळी ज्यांना भाकरी घेऊन जायची, त्या बाई तिथंच आहेत हे मला आठवलं नव्हतं. आपल्या पोरीचे डोळे गेले हे त्यांनी सगळ्या गावाबरोबर भोंग्यावर ऐकलं. आणि डोळे गेले असं डॉक्टरांनीही म्हटलं नव्हतं. मीच म्हटलं होतं.

"आत्याबाईंना द्या फोन," मी म्हणाले.

"सासूबाई चालायला लागल्या, वैनी. रस्त्याला लागल्या बी."

दिवस मावळायच्या आत त्या आल्या. कुणीतरी मोटारसायकलवर घेतलं होतं. वॉर्डच्या दारात थांबल्या, पट्ट्या बांधलेल्या पोरीकडं बघितलं, सरळ जाऊन खाटेच्या बाजूला जमिनीवर बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. पोरगी म्हणाली, "आई?" त्या म्हणाल्या, "हां." बस. मग त्यांनी माझ्याकडं तोंड केलं.

"पूड करताना मी तोंडावर फडकं घेते, बघितलं न्हाईस?"

"बघितलं. धुळीसाठी घेता असं वाटलं."

"मग विचारलं कावून न्हाई?"

मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "तुम्ही सांगितलं कावून न्हाई?"

बाजूच्या खाटेवरची म्हातारी वळून बघायला लागली. आत्याबाईंना त्यांच्या आईनं सांगितलं नव्हतं. आईनं फडकं बांधलं म्हणून त्या बांधायच्या. हे त्यांनी मला पुढं कधीतरी सांगितलं. त्या वेळी फक्त एवढंच म्हणाल्या, "म्हशीचं औषध माणसाला लावतंय का कुणी?" आणि एकाएकी पदर तोंडात धरून रडायला लागल्या. पोरीला कळू नये म्हणून आवाज न करता. त्या रडताना मी पाहिलेल्या नव्हत्या. त्यांचा नवरा गेला तेव्हा मी त्या घरात नव्हते, पण तेव्हाही बाई रडली नाही असं गावात सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केस धुऊन काढा, कण राहिले तर परत उतरतील. डोळ्यांच्या पट्ट्यांवर प्लास्टिक चिकटवून, मान मागं टाकून आम्ही तिला मोरीत बसवलं. मी नळ सोडला. तो नळ वाहतच राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आत्याबाई नळाकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होत्या, आता बंद करायचा की काय असं विचारल्यासारख्या. मी बंद केला नाही. केसांतून उवा वाहून येत होत्या, सगळ्या मेलेल्या. पूड आपलं काम चोख करून गेली होती.

चौथ्या दिवशी पट्ट्या काढल्या. डॉक्टरीणबाईंनी आधी खिडकीचा पडदा ओढला, मग एकेक कापूस उचलला. नणंदेनं पापण्या हळूहळू उघडल्या. डोळे लाल होते, पाणी गळत होतं. ती खाली बघत राहिली, फरशीकडं.

"आई," ती म्हणाली, "तुझ्या पायात चप्पल कावून न्हाई?"

मी खाली बघितलं. आत्याबाईंचे पाय अनवाणी होते. छावणीतून निघताना चपला तिथंच राहिल्या होत्या. चार दिवस त्या वॉर्डच्या फरशीवर, संडासात, औषधाच्या दुकानात, चहाच्या गाड्यावर तशाच वावरल्या. डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडून बसला होता, भोवतीनं काळंनिळं झालं होतं. चार दिवस मी त्यांच्या शेजारी झोपत होते. मला दिसलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तिथंच चिमटा मागवला.

गावात परतले तेव्हा मला वाटलं, बाया तोंडावर बोलतील. पुड्या घरी आल्या होत्या, दुकानवाल्या काकूंनी छावणीत जाऊन गोळा केल्या होत्या. सहा आल्या. सातवी ज्या बाईनं मला उवांचं विचारलं होतं तिच्याकडं होती. मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. ती बाहेर आली, मागं तिची पोरगी, डोक्याचा पार तुळतुळीत गोटा.

"पूड भिजवायलाच घेतलती," ती म्हणाली, "तेवढ्यात तू भोंग्यावर वरडलीस. वाटीसकट फेकली बघ उकिरड्यावर. चांगली वाटी होती."

मी तिला वाटी आणून दिली. तिनं नाही नाही म्हणत घेतली.

नणंदेचे पहिले दोन पेपर गेले. बाकीचे तिनं काळा चष्मा लावून दिले, आणि राहिलेले ऑक्टोबरात. आज ती बीडला सरकारी कचेरीत आहे. आत्याबाई गोचिडाला अजूनही तीच पूड लावतात, पण करताना अंगणात असेल त्याला बोलावून सांगतात, न विचारता, पाहुण्यालासुद्धा: हे डोळ्यात गेलं तर काय होतं, हे माणसाला लावायचं नाही, का लावायचं नाही. कधी कधी सांगताना माझ्याकडं बोट दाखवतात. मी मान हलवते.

नणंदेची नजर चांगली आहे. फक्त डावा डोळा उन्हात पाझरतो. रस्त्यानं दोघी चाललो की ती बोलता बोलता, हसता हसता ओढणीच्या टोकानं तो टिपते. तिला त्याचं काही नाही. मी मात्र दर वेळी तिचा ओढणीचा हात धरते, म्हणते, आधी ओढणी स्वच्छ आहे का बघ.